तोड झाली, आता सल काढा

आंबिया बहाराची तोड आटोपली, की काटोलकडच्या संत्र्याच्या बगीच्यांत पहिलं काम म्हणजे सल काढणं. सल म्हणजे झाडावरच वाळून गेलेल्या फांद्या. दिसायला नुसती काडी, पण रोग तिच्याही पुढे सरकलेला असतो. म्हणून वाळल्या भागाबरोबर दोनेक सेंटीमीटर ओला भागही घ्यायचा आणि कापल्या जागी बोर्डो मलम लावायचं : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. पानसोटाचंही तेच. सरळसोट, हिरवागार, रुबाबदार, आणि फळाच्या नावानं शंख. खुंटावरून फुटला असेल तर जातीचाही संत्रा नव्हे, चक्क जंबेरी!

बायांना महिन्याला दीड हजार देणाऱ्या सरकारच्या ‘लाडकी बहीण’ योजनेचा बगीचा २०२४च्या जुलैत लागला. वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, दारात चारचाकी नको (ट्रॅक्टर चालेल). कागदावर नियम तेव्हाही होतेच. पण बहार धरायच्या दिवसांत कात्री कोण चालवतो? २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं. इकडे आंबियाची तोड चालू होती, तिकडे मतांची. तोड झाली आणि मग सरकारला सल दिसू लागली. कोणाच्या दारात चारचाकी दिसली, कोणी दुसऱ्याच योजनेचे पैसे घेताना दिसली. २०२५च्या जुलैत महिला व बालविकासमंत्री अदिती तटकरे यांनी सांगितलं, २६.३४ लाख लाभार्थी अपात्र असल्याचं दिसतंय, त्यांचे पैसे तूर्त थांबवलेत. काही ठिकाणी तर पुरुषांनीच अर्ज भरले होते. हे जंबेरीचे पानसोट इतके महिने कोणाच्या डोळ्यांत खुपले नाहीत, कारण तेव्हा डोळे मोहोर मोजण्यात गुंतले होते.

अपात्रांना काढा की. त्यांची वकिली करायला हे सदर नाही. गोम आहे ती त्या ओल्या दोन सेंटीमीटरांत. ई-केवायसीला नवऱ्याचा नाही तर वडिलांचा आधार मागितला. नवरा गेलेला, बाप त्याच्याही आधी गेलेला, अशा बाईनं ओटीपी कोणाच्या मोबाइलवर मागवायचा? बोंब झाली तेव्हा कुठे मुदत २०२५च्या ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि अशा बायांसाठी वेगळी वाट निघाली. सुक्याबरोबर ओलं जळतं, मान्य. पण शेतकरी ओलं कापतो ते जाणूनबुजून, आणि वर मलम लावतो. इथे आधी कापलं, मग मोरचूद आणायला माणूस धाडला.

तोवर ऑनलाइनच्या दुकानांत असले संवाद चालू.

“काऊन बाबू, माह्यं नाव काऊन कटलं?”

“म्या नाही काटलं काकू. वरूनच कटलं.”

“वरून म्हंजे कोनं?”

पोरानं काय सांगावं? सरकारी मराठीत नावं कोणी काढत नाही, ती ‘वगळण्यात येतात’. काटोलात निदान कात्री कोणाच्या हातात आहे ते झाडाला तरी दिसतं. पैसे जमा करताना मात्र कर्ता ठसठशीत असतो, फोटोसकट.

आणि हो, सत्ताधाऱ्यांनी प्रचारात दीड हजाराचे २१०० करू म्हटलं होतं. त्या वरच्या सहाशेंना अजून कोणी अपात्र ठरवलेलं नाही. ते आलेच नाहीत, तर वगळणार काय!