मनीच्या यकृताची नामंजुरी
दिवाणखान्यात डिफ्यूझर लावून निलगिरी, पुदिना, लवंग यांच्या अर्कतेलांचा अंमल बसविणाऱ्या आणि बाटलीवर ‘नैसर्गिक’ असा दाखला छापलेला पाहून पुढील चौकशी अनावश्यक मानणाऱ्या गृहस्थांची ही सनद (धोतराही नैसर्गिकच असतो!) मांजराच्या यकृताने मात्र कधीच मंजूर केलेली नाही; कारण फिनॉलवर्गीय द्रव्यांचा निचरा करणारी ग्लुकुरोनिडेशनची प्रक्रिया त्याच्यात फारच दुबळी असते. यंत्रातून उडालेले तुषार केसांवर बसतात, स्वच्छतेची अतोनात हौस असलेली मनी ते चाटते, आणि मग ती लाळ गाळीत झोकांड्या खाऊ लागली, की धनी यंत्रात नवे थेंब सोडता सोडता हिला दृष्ट कोणाची लागली याची तहकिकात करतात. अशा वेळी तिला मुद्दाम ओकविण्याच्या भानगडीत पडू नये. मोकळ्या हवेत न्यावे आणि बाटलीसह पशुवैद्यांपुढे हजर करावे.