म्हणजे किती भातसे?

मिसळ मागवायची आणि ती पुढ्यात आली की शेजारच्याच्या वड्याकडं बघत बसायचं, अशी माणसं तुमच्या ओळखीत असणारच. त्यामुळं प्रस्तावना नको. आमचे आप्पा त्यातले.

गाव किन्हवली. इथून एक रस्ता शहापूरला जातो, दुसरा सरळगाववरून मुरबाडला. म्हणजे फाट्यावर उभं राहणं हे आप्पांच्या जन्माबरोबरच आलं. शहापूरची एसटी आली की त्यांना मुरबाडचं काम जास्त निकडीचं वाटायला लागतं, आणि मुरबाडची आली की शहापूरला खताची गोणी दहा रुपयांनी स्वस्त असल्याचं आठवतं. दोन्ही गाड्या गेल्या की ते चहा पितात. मुलाचा साखरपुडा त्यांनी मुरबाडला केला आणि लग्न शहापूरला, कारण दोन्हीकडच्या हॉलवाल्यांना शब्द देऊन बसले होते.

तर अशा माणसाला मुलानं म्युनिकहून फोनवर विचारलं, "आप्पा, सप्टेंबरात तुम्ही दोघं या. पाच दिवस इटलीत तळ्याकाठी राहू. कोमो की गार्डा, तेवढं सांगा."

तेवढं! विचारलं दिवाळीत. आता वैशाख लागलाय.

आप्पा पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी भातसा धरणाच्या पाण्यावर. लोक पाणी लिटरात मोजतात, खातं दशलक्ष घनमीटरात मोजायचं, आप्पा भातशांत मोजतात. (हे अनेकवचनही त्यांचंच.) पावसाळ्यात पेपरात मुंबईच्या सात तलावांचा तक्ता येतो, त्यातली भातसाची ओळ, ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, त्यांना स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा पक्की पाठ आहे. सातही तलावांतलं जवळजवळ निम्मं पाणी या एका ओळीत असतं, हे ते पाहुण्याला चहाच्या आधी सांगतात. सुनेनं बिचारीनं कौतुकानं सांगितलं, "आप्पा, कोमो खूप खोल आहे, चारशे मीटरच्या वर!" आप्पांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "ते झालं. पण म्हणजे किती भातसे?"

तिला कुठून माहीत असणार? मग आप्पा रात्रभर वही घेऊन बसले आणि सकाळी सहाला माझं दार वाजलं.

"गुरुजी, कोमो एकतीस भातसे."

"बरं."

"गार्डा सत्तर! सत्तरच्या घरात!"

मी दात घासत होतो. सत्तर भातसे हा आकडा तोंडात ब्रश असताना झेपत नाही.

"मग गार्डा ठरलं?"

"असं कसं? एकतीस म्हणजे काय कमी झाले?"

त्या वहीच्या पानावर मधोमध रेघ मारलेली आहे. डावीकडं कोमो, उजवीकडं गार्डा. कोमोच्या रकान्यात लिहिलंय : डोंगर थेट पाण्यात उतरलेले, माहुली गुडघाभर पाण्यात उभी केल्यासारखे. तळ्याचा आकार उलट्या वाय या अक्षराचा आणि दोन फाटे फुटतात तिथंच बेलाज्जो गाव. "फाट्यावर गाव!" हे वाचून आप्पा इतके हळवे झाले की त्या दिवशी कोमो नक्की, असं काकूंनी मुलाला कळवूनही टाकलं. शिवाय मिलानहून तासाभरात आगगाडी वारेन्नाला पोचवते, उतरलं की समोर पाणी.

दुसऱ्या दिवशी उजवा रकाना भरला. गार्डा इटलीतलं सगळ्यात मोठं तळं, सुमारे ३७० चौरस किलोमीटर. दक्षिणेकडं मैदान, तिथं पेस्किएरा आणि देसेनझानो ही दोन स्टेशनं, मिलान-व्हेनिस मार्गावरची. उत्तरेला पार टोकाशी रीव्हा, तिथं मात्र रेल्वे नाही, बसनं किंवा बोटीनं जायचं. "म्हणजे मुरबाड," आप्पा म्हणाले. कल्याण-मुरबाड रेल्वेच्या घोषणा ऐकत ज्यांचे केस पिकले, त्यांना रीव्हाबद्दल आपुलकी वाटणारच. आप्पांना ती इतकी वाटली की कोमो रद्द. मुलाला पुन्हा फोन.

मी इतिहास शिकवतो. वाटलं, इतिहासानं तरी हा गुंता सुटेल. सांगितलं, "आप्पा, मुसोलिनीनं शेवटी शेवटी गार्डाच्या काठावरून सरकार चालवलं, १९४३ ते ४५. आणि पळून जाताना पकडला गेला तो कोमोच्या काठावर, दोंगोला."

आप्पा गंभीर झाले. "म्हणजे त्यालाही एक ठरवता आलं नाही."

काकूंनी वेगळ्या बाजूनं प्रयत्न केला. "दीपिका-रणवीरचं लग्न कोमोला झालं, २०१८ला. सगळ्यांनी फोटो बघितले. चला तिथंच."

"लग्न कोमोला झालं," आप्पा म्हणाले, "मग साखरपुडा गार्डाला असेल."

एव्हाना म्युनिकचे फोन कमी व्हायला लागले होते. व्हिसासाठी राहण्याचा पत्ता लागतो आणि पत्त्यासाठी तळं लागतं, हे मुलानं चार वेळा समजावलं. चौथ्या वेळी आप्पांनी त्याला विचारलं की बाबा रे, ही तळी उन्हाळ्यात किती उतरतात, आणि पाणी सोडायचा निर्णय कोण घेतं? मुलानं फोन सुनेकडं दिला. काकू मला म्हणाल्या, "मला कुठंही चालेल हो गुरुजी, पाच दिवस भांडी घासायची नसली म्हणजे झालं."

खरं सांगतो, मीही वैतागलो होतो. एक दिवस स्पष्ट विचारलं, एवढं काय अवघड आहे? नाणं उडवा.

आप्पा म्हणाले, "गुरुजी, कालव्यावर नाणं उडवलं असतं तर लोकांनी मला कालव्यातच टाकलं असतं."

मग बऱ्याच वेळानं बोलले. उन्हाळ्यात भेंडी उभी असायची, पाणी कमी आणि पाळ्या लावायच्या. वरच्या गावाला आधी सोडलं तर शेपटाकडचं गाव बोलायचं बंद, शेपटाकडं आधी नेलं तर वरचे रात्री दार उचलायला हजर. ज्याला आधी मिळालं तो विसरून जायचा. ज्याला नंतर मिळालं त्याच्या घरच्या लग्नाची पत्रिका पुढची तीन वर्षं यायची नाही. "एका गावचं आमंत्रण अजून आलेलं नाही," ते म्हणाले. निवृत्तीला चौदा वर्षं झालीत. मला हसायला आलं, पण हसलो नाही.

पुढचं पान उलटून त्यांनी एक जुना हिशेब दाखवला. मुंबईला रोज साधारण चार हजार दशलक्ष लिटर लागतं. एकटं गार्डा मुंबईला तेहतीस-चौतीस वर्षं पुरेल. "तानसाचं पाणी १८९२ पासून जातंय. मग मोडकसागर, मग भातसा. आता गार्डाच राहिलंय," असं म्हणून स्वतःच खूप हसले.

गेल्या आठवड्यात मी त्यांना मोटरसायकलवर मागं बसवून डोळखांबच्या पुढं नेलं. माझ्या एका विद्यार्थ्याकडं हळद होती. वाटेत एका पाड्यावर टँकर आलेला. विहीर तळाला लागलेली. बायका, पोरं, हंडे, कळश्या, निळे ड्रम, आणि पायपाच्या तोंडाशी चाललेली झोंबाझोंबी. ड्रायव्हर टपावर बसून तंबाखू मळत होता.

आप्पा उतरले. कोणाला काही विचारलं नाही. "ए, पाइप बंद कर!" असे ओरडले की ड्रायव्हरची तंबाखू सांडली. मग बोट दाखवत सुटले. "ती म्हातारी आधी. मग तू, कडेवर पोर असलेली. ड्रमवाले शेवटी. घरटी दोन हंडे, मग दुसरी फेरी. तू रे, तू आत्ता भरून गेलास, मी बघितलं." ते कोण, कुठले, हे कुणी विचारलं नाही. चार मिनिटांत ओळ लागली. सहा महिने ज्यांना एक तळं निवडता आलं नव्हतं, त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत साठ-सत्तर हंड्यांचे निर्णय एका दमात दिले, आणि एकदाही मागं वळून बघितलं नाही. मी मोटरसायकल धरून नुसता उभा.

शेवटचा ड्रम भरत आला तेव्हा आप्पा टँकरच्या बाजूला गेले. पत्र्यावर थाप मारली.

"किती लिटरचा रे हा?"

"दहा हजार, बाबा."

आप्पांचे ओठ हलायला लागले. मला कळलं काय चाललंय ते. वही घरी राहिली होती, म्हणून बोटांच्या पेरांवर मोजत होते. शून्यं उडवत होते. मग थांबले.

"सात कोटी सतरा लाख," ते म्हणाले.

"काय सात कोटी?" ड्रायव्हरनं विचारलं.

"टँकर. एका भातशात."

ड्रायव्हरनं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. पायपातून शेवटची धार गळत होती. "बाबा," तो म्हणाला, "तेवढी कळशी जरा धरता का?"

आप्पांनी धरली.