सामानकाका

प्रत्येक संघात एक माणूस असा असतो, की त्याला सामन्याचं काय झालं विचारलं तर तो आधी मोज्यांचं काय झालं ते सांगतो. क्रिकेटच्या संघात तो असतो, कबड्डीच्या असतो, गणपतीच्या लेझीम पथकातही असतो. पण अस्सल नमुना पाहायचा तर अमेरिकेतल्या एखाद्या मध्यम गावी जावं, तिथला इनडोअर फुटबॉलचा संघ शोधावा आणि तो परगावी खेळायला निघायच्या दोन दिवस आधी त्याच्या दारात उभं राहावं. आम्हांला एवढी तंगडतोड करावी लागली नाही. आयोवा राज्यात इंटरस्टेट ८०च्या अंगाला आमचं गाव आहे आणि हा नमुना आमच्या शेजारीच राहतो. हुद्दा इक्विपमेंट मॅनेजर. आमच्या मुलींनी त्याचं परस्पर ‘सामानकाका’ करून टाकलं. काकांनाही ते आवडलं; फक्त ते स्वतःला ‘समनकाका’ म्हणतात. संघाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्याच्या धुण्याची चर्चा छापून आलेली काकांना खपायची नाही.

आधी खेळ सांगतो. मी पहिल्यांदा फोनवर ‘इनडोअर फुटबॉल’ म्हणालो तेव्हा आई म्हणाली, “घरात बॉल नको म्हणून तुला लहानपणी बडवून काढलं, ते काय याच्यासाठी?” तर हा अमेरिकन फुटबॉल. लांबोडका चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर पॅड. १९८१च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जिम फॉस्टर नावाचे गृहस्थ छताखाली चाललेला सॉकरचा सामना बघत बसले होते. सॉकर छताखाली खेळता येतो, मग आपला फुटबॉल का नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि हातातल्या खाकी पाकिटाच्या पाठीवर त्यांनी तिथल्या तिथे मैदान आखलं. १९८७ साली अरीना फुटबॉल लीग सुरू झाली. पुढे ती बुडाली, वर आली, पुन्हा बुडाली. तिच्या आजूबाजूला आणखी लीग निघाल्या आणि मिटल्या. दिवाळी अंक काढणाऱ्यांना हे सांगायला नको.

मैदान शंभर यार्डांऐवजी पन्नास. एका बाजूला अकराऐवजी आठ गडी. गोलचे खांब एकमेकांपासून फक्त नऊ फुटांवर. दोन्ही टोकांच्या आठ-आठ यार्डांच्या पट्ट्या धरल्या की लांबी होते १९८ फूट, आणि आईस हॉकीचं मैदान असतं २०० फूट. ज्याने कुणी हा हिशोब जमवला त्याला सलाम. हॉकीच्या बर्फावर लाद्या टाकायच्या, वर हिरवं टर्फ उलगडायचं, कडेच्या भिंतींना गाद्या बांधायच्या, झालं मैदान. बाहेर जायला जागाच नाही. सव्वाशे किलोचा गडी भिंतीवर आदळतो आणि परत आत येतो, किंवा वरून पलीकडे पहिल्या रांगेतल्या माणसाच्या मांडीवर जातो, त्याच्या बिअरसकट.

या खेळात पैसा बेताचाच. आमच्या संघातला एक जण दिवसा गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, एक बदली शिक्षक आहे, एक लोकांची घरं हलवून देतो. सामानकाका स्वतः शाळेची पिवळी बस चालवतात. मग हे सगळे हाडं मोडून घ्यायला का येतात? कर्ट वॉर्नरमुळे. आयोवात हे नाव घेतलं की लोक जरा सरळ बसतात. १९९४ साली मोठ्या मैदानावरच्या लीगमधल्या ग्रीन बे पॅकर्सनी त्याला सराव शिबिरातूनच परत पाठवलं. मग तो सीडर फॉल्स गावातल्या हाय-व्ही दुकानात ताशी साडेपाच डॉलरवर रात्री फडताळांत माल रचू लागला. १९९५पासून आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून तो या भिंतींच्या आत खेळला, आणि ३० जानेवारी २००० रोजी सेंट लुईस रॅम्सचा क्वार्टरबॅक म्हणून सुपर बोल, म्हणजे त्या मोठ्या लीगचा अंतिम सामना, जिंकला. वर सामन्यातला सर्वोत्तम खेळाडूही तोच. तेव्हापासून इनडोअर संघाच्या प्रत्येक बसमध्ये खिडकीशी बसलेला प्रत्येक मुलगा मनातल्या मनात वॉर्नर असतो.

काकांचं म्हणणं वेगळं. “मी अनेक वॉर्नर बघितले,” ते म्हणतात. “सगळे माउथगार्ड घरी विसरले.”

आता गुरुवार. सामना शनिवारी, मोलीनला. म्हणजे मिसिसिपीपलीकडे, इलिनॉय राज्यात. गॅरेजचं दार वर गेलं की आमच्या गल्लीला वास लागतो. खांद्यांच्या पॅडांचा वास कशासारखा असतो ते सांगणार नाही. काकूंनी ते पॅड घरात आणायला लग्नाच्या पहिल्याच वर्षी बंदी घातली, एवढं पुरे. जमिनीवर डफल बॅगा एका रेषेत मांडलेल्या असतात. प्रत्येकीवर खेळाडूचा नंबर, नाव नाही. “नावं बदलतात,” काका सांगतात, “नंबर राहतात.” मे महिन्यात आलेला मुलगा जूनमध्ये दुसऱ्या संघात गेलेला असतो आणि त्याची जर्सी नव्या मुलाच्या अंगावर चढलेली असते. आपल्याकडे नाटक कंपनीच्या दौऱ्यावर बॅकस्टेजचा एक माणूस असायचा, राजाचा मुकुट आणि विंगेतला खिळा ज्याच्या लेखी सारखेच; काकांना पाहून मला तोच आठवतो. नट पळाला तर बदली नट मिळेल, पण मिशी हरवली तर प्रयोग रद्द.

काकांची खरी पूजा हेल्मेटची. हेल्मेटच्या आत हवेच्या पिशव्या असतात. बाहेरून एका बारीक छिद्रात सुई घालायची आणि मुठीएवढ्या पंपाने हवा भरायची. काका सुईला आधी जिभेवर टेकवतात. मला ते बघवत नाही. मग खेळाडूच्या डोक्यावर हेल्मेट चढवून, पुढची जाळी धरून त्याचं डोकं डावीकडे-उजवीकडे हलवतात. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली तर ठीक. कातडी जागेवर राहिली आणि हेल्मेट एकटंच फिरलं, तर पुन्हा पंप. साडेसहा फूट उंचीची माणसं त्यांच्यापुढे स्टुलावर बसून मुकाट्याने डोकं हलवून घेतात. नंतर जाळीचे स्क्रू. प्रत्येक स्क्रू काका पिळतात, सुटा करतात, पुन्हा पिळतात. मी एकदा म्हणालो, आधी घट्टच होता की. ते म्हणाले, “आता मला माहीत आहे की तो घट्ट आहे.”

यादी असतेच. हाताने लिहिलेली, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली आणि फक्त त्यांनाच वाचता येणारी. हनुवटीचे पट्टे, जादा. बुटांच्या नाड्या, पांढऱ्या आणि काळ्या. टर्फचे बूट, कारण बाहेरच्या गवतावरचे लांब खिळे इथे चालत नाहीत. घोट्याला बांधायची चिकटपट्टी खोकी भरून. एवढ्या चिकटपट्टीत एखादं लहान घर बांधून होईल. माउथगार्ड, जे उकळत्या पाण्यात बुडवून दातांखाली चावायचे. ते उकळायला एक इलेक्ट्रिक किटली, आणि त्या किटलीत कुणी चहा करू नये म्हणून तिच्यावर कवटीचं चित्र. चहाचा धोका संघात कुणाकडून नव्हताच. ते चित्र माझ्यासाठी आहे असा मला दाट संशय आहे.

शनिवारी सकाळी बस. बसच्या पोटात सामान लावायची पद्धत ठरलेली: जे पहिलं लागणार ते शेवटी आत जाणार. खेळाडू स्वतः बॅग ठेवायला आला तर काका हसून ‘थँक यू’ म्हणतात, तो चढेपर्यंत थांबतात आणि बॅग काढून पुन्हा नीट लावतात. बसमध्ये त्यांची जागा पहिल्या रांगेत, मधल्या वाटेजवळ. झोपत नाहीत. ड्रायव्हरला सल्ला देत नाहीत, पण ब्रेक लागला की त्यांचाही उजवा पाय दाबला जातो.

तीन तासांच्या रस्त्यात काकांचा एकच शत्रू आहे, आणि तो प्रतिस्पर्धी संघ नव्हे. वॉलकॉट गावाशी, २८४ क्रमांकाच्या फाट्यावर, आयोवा ८० नावाचा ट्रक थांबा आहे. जगातला सर्वांत मोठा म्हणून त्याची ख्याती. १९६४ साली सुरू झाला. तिथे जेवण तर आहेच, शिवाय न्हावी आहे, दाताचा डॉक्टर आहे, पाठीची हाडं बसवून देणारा आहे, ट्रकचं संग्रहालय आहे आणि ट्रकला लावायच्या चकचकीत नळ्यांचं प्रचंड दुकान आहे. इथून मोलीन अर्ध्या तासावर. शहाण्या माणसाने थांबायचं काहीच कारण नाही, पण संघ थांबतोच. पन्नास जणांत एक जण निघतो ज्याला तातडीने जायचं असतं, आणि तो उतरला की उरलेल्या सगळ्यांना भूक लागते. काका दारात उभे राहून ‘वीस मिनिटं’ म्हणतात. चाळिसाव्या मिनिटाला ते आत शिरतात. एकदा संघाचा सर्वांत आडदांड लाइनमन त्यांना त्या नळ्यांच्या दुकानात सापडला, एका लखलखीत सायलेन्सरमध्ये स्वतःचे दात बघत. एकदा क्वार्टरबॅक न्हाव्याच्या खुर्चीत. “अर्धे केस कापून झाले होते,” काका सांगतात. “मी म्हणालो, वरून हेल्मेट आहे, चल.”

मिसिसिपी ओलांडली की परमुलूख. काका गप्प होतात. अरीनात पोचल्यावर गडी लॉकर रूममध्ये गाणी लावतात, कोच फळ्यावर बाण काढतो, आणि काका रिकाम्या मैदानावर एकटेच चक्कर मारतात. भिंतीच्या प्रत्येक गादीत अंगठा रुतवून बघतात. दोन गाद्यांच्या सांध्यात बोट जात असेल तर तिथे थांबून मान हलवतात. मग बूट काढून नुसत्या मोज्यांवर टर्फवर चालतात, जोड कुठे उचलला आहे ते तळव्याला कळावं म्हणून. खालच्या बर्फाचा गारवा पायाला लागतो म्हणे. “कोपऱ्यात निसरडं आहे, भिंत टणक आहे,” एवढा अहवाल कोचला देतात. कोच वर्षानुवर्षं तो ऐकतो आणि वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात पास टाकतो.

सामना मात्र काका बघत नाहीत. म्हणजे डोळे तिकडेच असतात, पण दिसतं वेगळं. या खेळात गुणांचा पाऊस पडतो, दोन्हीकडे चाळीस-पन्नास गुण होणं ही नवलाई नाही. लोक टचडाउनला उठतात. काका उठतात ते कुणाच्या बुटाची नाडी सुटली तर. आमचा गडी भिंतीवरून पलीकडे गेला की माझ्या छातीत धस्स होतं आणि काका ओरडतात, “हेल्मेट आहे ना?” आधी मला हे निर्दय वाटायचं. मग त्यांच्या जागी बसून पाहिलं तेव्हा कळलं, की माणूस उठला आहे हे त्यांनी माझ्याआधीच बघितलेलं असतं.

जुन्या अरीना लीगमध्ये खांबांच्या दोन्ही अंगांना ताणलेल्या जाळ्या असत. किक चुकली तर चेंडू जाळीवरून उसळून परत खेळात यायचा. त्या जाळ्यांचं पेटंट त्या लीगकडे होतं, त्यामुळे इतरांना त्यांच्याविना खेळावं लागलं. काकांना जाळ्यांची आठवण फार येते. जाळी असेल तर चेंडू परत येतो. जाळी नसेल तर तो प्रेक्षकांत जातो. आणि प्रेक्षकांत गेलेला चेंडू ज्याच्या हाती पडला त्याचा, हा इनडोअर फुटबॉलचा जुना रिवाज. पोरंसोरं त्या आशेवर हात पसरून बसलेली असतात. एखाद्या पोराने चेंडू छातीशी घट्ट धरला की सगळं अरीना टाळ्या वाजवतं. काकाही वाजवतात. मग वहीत एक रेघ मारतात.

तर शनिवारी आमचा संघ हरला. परतीच्या बसमध्ये कुणी बोलत नव्हतं. वॉलकॉटलाही कुणी उतरलं नाही, यावरून पराभव किती लागला ते समजावं. मध्यरात्रीनंतर काकांनी बसचं पोट रिकामं केलं, आणि रविवारी सकाळी मी ख्यालीखुशाली विचारायला गेलो तेव्हा गॅरेजातली दोन्ही धुलाईयंत्रं घुमत होती. परगावी आमचा संघ पांढरी जर्सी घालतो आणि डोळ्यांखाली फासलेलं काळं गडी बाहीलाच पुसतात, तेव्हा काकांना रविवारची प्रार्थना नसते, साबण असतो. मी विचारलं, काय झालं काल? ते म्हणाले, “सगळे मोजे परत आले.” चेहऱ्यावरून वाटलं असतं की जिंकून आले.

अमेरिकेत असाल आणि जवळच्या गावात असा संघ असेल, तर मार्च ते ऑगस्ट या दिवसांत एकदा जाऊन या. भिंतीलगतची खुर्ची घ्या. अंगावर माणूस पडण्याची तयारी ठेवा, बिअर डाव्या हातात धरा. चेंडू तुमच्याकडे आला तर रिवाजाप्रमाणे तो तुमचाच, कुणी मागायला येणार नाही. पण समोर बाकाच्या टोकाला, गळ्यात टॉवेल आणि हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन उभा असलेला एक म्हातारा तुमच्याकडे बघत असेल, तर तो चेंडू परत टाका.