झाडामागे २२५ रुपये

डहाणू, घोलवड, बोर्डीच्या वाड्यांत चिकूचं झाड साधारण दहा बाय दहा मीटरवर लावतात. हेक्टरी १०० झाडं. आता सरकारी मदतीला १०० ने भागा.

निसर्ग (२०२०) आणि तौक्ते (२०२१) वादळांनंतर राज्याने फळबागांना हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर केले. म्हणजे झाडामागे ५००. २०२२ मध्ये दर ३६,००० झाला; झाडामागे ३६०. मे २०२५ च्या शासन निर्णयाने तो २२,५०० वर आला, झाडामागे २२५. त्याच वर्षी ऑक्टोबरात, मराठवाडा पाण्याखाली गेल्यावर, ३२,५०० ची घोषणा झाली. झाड तेच, वारा तोच. दर मात्र किती आरडाओरड झाली त्यावर ठरतो.

वादळात गळलेला कच्चा चिकू हातात घेऊन बघा. देठाशी पांढरा चीक असतो, बोटं चिकटतात. तो नीट पिकत नाही, व्यापारी उचलत नाही. पण हे नुकसान एका बहाराचं. झाड मुळासकट आडवं झालं, तर नवं कलम धंद्यापुरतं फळायला सात-आठ वर्षं लागतात. पंचनाम्यात दोन्ही नुकसानं ‘बाधित क्षेत्र’ या एकाच रकान्यात जातात. नुकसान ३३ टक्क्यांच्या आत असलं, तर हाती काहीच नाही. भौगोलिक मानांकन मिळालेल्या फळाची ही किंमत!

झाडं मोजणं सरकारला अवघड नाही. निसर्गनंतर कोकणात दक्षिणेकडे नारळामागे २५० आणि सुपारीमागे ५० रुपये दिलेच होते. रक्कम तोकडी होती, पण मोजणी झाडाची होती. मग चिकूची का नाही?

आता शेजारच्या तलासरीकडे वळा. तिथे वनपट्ट्यावर भात-नागली पिकवणाऱ्या आदिवासी शेतकऱ्याला मे २०२५ च्या निर्णयाप्रमाणे कोरडवाहूचा मूळ दर हेक्टरी ८,५००, म्हणजे गुंठ्याला ८५ रुपये. वीस गुंठ्यांचं भात आडवं झालं, तर १,७००. त्यासाठी आधार, पासबुक, ई-केवायसी, अंगठा उमटला नाही तर पुन्हा हेलपाटा. प्रत्येक हेलपाट्याला एक दिवसाची मजुरी बुडते. वनहक्क कायद्याने वनपट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे आहे. मदतीच्या यादीतही दोघांचं नाव हवं.

आणि चिकू काढणाऱ्या, धुणाऱ्या, प्रतवारी करून खोक्यांत भरणाऱ्या बाया? बाग पडली की त्यांचं काम त्याच दिवशी थांबतं. त्यांच्या नावावर सातबारा नाही, म्हणून तलाठी त्यांच्या दारात जात नाही. वास्तविक २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्राच्या निकषांत, उपजीविका गंभीरपणे बुडालेल्या कुटुंबातल्या दोन प्रौढांना रोजगार हमीच्या दराने मदत देण्याची तरतूद आहे. यादी राज्याने करायची आहे. शेताच्या पंचनाम्यासाठी तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक तिघे एकत्र फिरतात. मग पाड्यावर जाऊन या कुटुंबांची नावं लिहून घ्यायला कुणाची हरकत आहे?

मागण्या तीन. उन्मळलेल्या झाडाची मदत झाडामागे द्या, आणि ती नव्या कलमाला फळ धरेपर्यंत वर्षावर्षाने द्या. वनपट्टेधारकांचा पंचनामा इतर शेतकऱ्यांबरोबरच करा आणि ई-केवायसीचं यंत्र पाड्यावर न्या. बागेत राबणाऱ्या मजुरांची यादी पावसाळ्याआधी ग्रामसभेत वाचून तयार ठेवा. कोकण किनारा २०२० आणि २०२१, लागोपाठ दोन वर्षं चक्रीवादळांच्या तडाख्यात आला. पुढचं वादळ येणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वेळी दर काय असेल, हे आज लिहून जाहीर करा. नुकसान झाल्यावर घासाघीस करायची पाळी शेतकऱ्यावर आणि मजुरावर येता कामा नये.