शंखातली बिऱ्हाडं

काशीत जुनेपणाला फार मोल. इथला चहावालासुद्धा दुकानाचं वय सांगताना एखादी पिढी पदरची घालतो. त्यामुळे ब्रह्माघाटाजवळच्या आमच्या वाड्यात आफ्रिकेच्या टांगानिका सरोवरातल्या माशांची टाकी आली, तेव्हा त्यांची पत वाढवायला मीही एक गोष्ट सांगू लागलो. फरक एवढाच की ती खरी आहे. त्या सरोवराच्या तळाशी निओथौमा नावाच्या गोगलगाईंच्या रिकाम्या शंखांची मैदानंच्या मैदानं पसरली आहेत, आणि हे मासे त्या शंखांतच बिऱ्हाड थाटतात. त्यांतल्या काही शंखांचं वय मोजलं, तर ते हजार वर्षांच्या पुढे निघालं. अहिल्याबाईंनी विश्वनाथाचं मंदिर बांधलं १७८० साली. ह्या माशांच्या भाईबंदांची घरं त्याच्याही आधीची. हे ऐकल्यापासून गल्लीत त्यांना कोणी परदेशी म्हणत नाही.

शास्त्रीय नाव निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस. नाव माशापेक्षा लांब, म्हणून हौशी लोक नुसतं ‘मल्टी’ म्हणतात. नर जेमतेम दीड-दोन इंचांचा, मादी इंचभराची. बाजारात तराजूत पडणारा तिलापिया ह्याच सिक्लिड कुळातला, पण मल्टी म्हणजे त्या कुळाचं शेंडेफळ.

बनारसला जमिनीतून उपसलेलं पाणी जड. गीझरमध्ये क्षार साचतात, स्टीलच्या भांड्यांवर पांढरे डाग राहतात, आणि घरातली बायकामंडळी त्या पाण्याला रोज नावं ठेवतात. मल्टींना नेमकं हेच हवं असतं. टांगानिकाच्या पाण्याचा सामू साडेआठच्या वर असतो, आणि त्यात चुना इतका की तळाचे शंख विरघळत नाहीत; म्हणून तर ते एवढी वर्षं टिकले. आमच्याकडे निओथौमा कुठून आणणार? इकडच्या तळ्यांत आणि भातखाचरांत मोठ्या गोगलगाईंचे रिकामे शंख मिळतात. ते उकळून घेतले, खाली बारीक वाळू पसरली, की घरं तयार.

घरं आपण मांडतो, पण नगररचना त्यांची. शंखाचं तोंड आपल्याकडे असावं म्हणजे आतला संसार दिसेल, असं कुणालाही वाटणारच. पण मासे तोंड भरभरून वाळू उचलतात, दुसरीकडे नेऊन टाकतात, आणि शंख रुतवत रुतवत फक्त दार उघडं ठेवतात. ते दार बहुधा आपल्याकडे पाठ करून. पाहुणा टाकीपाशी वाकतो, तेव्हा सगळी वस्ती आत पसार झालेली असते. शेजारचे काका दर वेळी विचारतात, “का गुरू, मछरी कहाँ हौ?” मी म्हणतो, “घर में.” त्यांचा विश्वास बसत नाही, वाळू आणि शंखांना वीज कशाला जाळतो, एवढंच त्यांना वाटतं. जानेवारीच्या धुक्यात हीटर लावून पाणी पंचविसाच्या आसपास ठेवावं लागतं, हे त्यांना सांगायची सोय नाही.

मल्टींची पैदास करतो म्हणणं ही नुसती बढाई. मादी शंखाच्या वळणात खोल कुठेतरी मोजकी अंडी घालते, नर दाराशीच आपलं काम उरकतो. निमंत्रण नाही, वार्ता नाही. कधीतरी दारात पापणीच्या केसाएवढं काहीतरी हलतं, तेव्हा कळतं की बारसंसुद्धा होऊन गेलं. मग आपण मिठाच्या पाण्यात आर्टेमियाची अंडी उबवायची, त्यातून निघालेले जीव पिलांना घालायचे आणि बाजूला व्हायचं. थोरली भावंडं धाकट्यांना खात नाहीत. लहानमोठ्या पिढ्या शेजारी-शेजारी नांदतात. एखादं पिलू वयात आलं की कधी खटके उडतात आणि त्याला हद्दीबाहेर काढलं जातं. कुणाला पिलं द्यायची तर पकडता येत नाहीत. शंख उचलून बिऱ्हाडासकट द्यावा लागतो. आत किती जण आहेत, हे देणाऱ्याला ठाऊक नसतं आणि घेणाऱ्यालाही.

मेलेल्याच्या घरात बाळंतपणं होतात, ह्याचं बाहेरच्यांना नवल वाटतं, काशीत नाही. आमच्या ह्या वाड्यातही दक्षिणेतून म्हातारी माणसं काशीवासाला यायची. मरायला म्हणून आलेली ती माणसं सावकाश गेली, आणि त्यांच्या खोल्यांत आता मुलं परीक्षेचा अभ्यास करतात, मराठीत भांडतात आणि भोजपुरीत समेट करतात. खोली कुणाची ह्यावर मात्र आमच्यात दावे चालू आहेत. मल्टी त्या भानगडीत पडत नाहीत. जो रोज वाळू उपसतो त्याचं घर, एवढाच त्यांचा कायदा. हा युक्तिवाद मी आमच्या वकिलांना ऐकवला. ते म्हणाले, “गोगलगाईला वारस लागत नाहीत, म्हणून जमतं. तुम्ही पुढच्या तारखेला या.”