बल्लाळाचे सोबती

पालीच्या गणपतीची गोष्ट सुरू होते ती एका सहलीपासून. कल्याण नावाच्या व्यापाऱ्याचा मुलगा बल्लाळ गावातल्या पोरांना घेऊन रानात गेला. तिथे एक मोठा धोंडा दिसला. त्यालाच गणपती मानून पोरं पूजेत अशी रंगली की तहानभूक, घरदार, सगळं विसरली. पोरं घरी येईनात, तेव्हा त्यांचे आईबाप कल्याणशेटच्या दारात तक्रार घेऊन उभे राहिले. शेट चिडला, रानात गेला, पूजा उधळली, धोंडा भिरकावून दिला आणि पोटच्या पोराला बदडून झाडाला बांधून घातलं. गणपती धावला तो बल्लाळासाठी. अष्टविनायकांत भक्ताच्या नावानं ओळखला जाणारा हा एकच. आणि तो भक्त कोण, तर मित्रांबरोबर बाहेर पडून वेळेवर घरी न परतलेला एक मुलगा.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पालीला मित्रांबरोबर जावं, आणि पनवेलकरांनी तरी रेल्वेनं जावं.

आजची रीत उलटी आहे. अष्टविनायकांतले पाच पुणे जिल्ह्यात, सिद्धटेक अहिल्यानगर जिल्ह्यात आणि महड व पाली आमच्या रायगडात. हे आठही दोन-तीन दिवसांत उरकून देणाऱ्या बसगाड्या बारमाही धावतात. उतरा, रांग लावा, हात जोडा, प्रसाद घ्या, चढा. पालीत आधी धुंडीविनायकाचं दर्शन घ्यायचं आणि मग बल्लाळेश्वराचं, अशी रीत आहे. धुंडीविनायक म्हणजे कल्याणशेटनं फेकलेला तोच धोंडा. त्याचं छोटं देऊळ मोठ्या देवळाच्या मागेच आहे, चार पावलांवर. बसवाला घड्याळ दाखवतो आणि माणसं धुंडीविनायकाकडे न फिरकताच निघून जातात. शेटनं एकदा भिरकावलेल्या धोंड्याला आपण रोज बाजूला सारतो आहोत. याला मी यात्रा म्हणणार नाही.

दुसरी तऱ्हा मोटारवाल्यांची. "आपली गाडी आहे ना, मग रेल्वे कशाला?" कशाला ते सांगतो. मुंबई–गोवा महामार्गाचा पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा. त्याच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं. त्या वर्षी पहिलीत बसलेलं पोर कॉलेजात गेलं, तरी रस्त्याची रड संपली नव्हती. शिवाय मोटारीत चालवणारा रस्त्याकडे बघतो, शेजारचा मोबाइलमधल्या नकाशाकडे, आणि मागचे झोपतात. मग मित्र कशाला हवेत? ड्रायव्हर पुरे.

दिवा–रोहा गाडीचं तसं नाही. ती आता विजेवर धावते, वेळापत्रकात तिचं नाव मेमू आहे, पण आमच्या तोंडी अजून पॅसेंजरच. पनवेल सोडलं की सोमाटणे, रसायनी, आणि उजव्या हाताला कर्नाळ्याचा सुळका. तो दिसला की आमच्यातला एक जण दरवेळी तिथे चढल्याची हकीगत सांगतो. दरवेळी सुळका थोडा उंच होतो, आणि आम्ही ती आनंदानं ऐकतो. मग आपटा. १९९५ सालच्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मधला तो शेवटचा, धावत्या गाडीचा प्रसंग याच स्टेशनात चित्रित झाला. जगानं जे स्टेशन पंजाबातलं म्हणून पाहिलं ते पनवेल तालुक्यातलं आहे, आणि पनवेलच्या निम्म्या पोरांना हे ठाऊक नाही. त्यांना एकदा या गाडीत बसवायला हवं.

जिते, हमरापूर, पेण. हा पट्टा गणपती घडवणाऱ्यांचा. हमरापूर, जोहे या गावांत कारखाने वर्षभर चालतात. साच्यातून निघालेल्या, अजून रंग न लागलेल्या मूर्ती ओळीनं मांडलेल्या असतात आणि तिथून त्या देशभर, पार परदेशातही जातात. पालीच्या गणपतीला जाताना वाटेत गणपतींचं माहेर लागतं. हा योग मला फार मोलाचा वाटतो. पेणला डबा निम्मा रिकामा होतो, पोह्याच्या पापडांच्या पिशव्या चढतात, पनवेलच्या बाजारात भाजी विकून परतणाऱ्या बाया पाय पसरून बसतात. एकीनं आम्हाला शेवळं कशी करायची ते बजावून सांगितलं: काकडं घातल्याशिवाय शिजवलीत तर घसा धरेल. एवढी खात्रीची माहिती कोणत्याही टूरवाल्यानं मला कधी दिली नाही.

मग कासू, आणि नागोठणे. अंबा नदीकाठचं जुनं बंदराचं गाव, इथला दगडी पूल सोळाव्या शतकातला. आम्ही उतरतो ते इथेच. आणि इथेच सगळी गंमत अडते.

नागोठण्याहून पाली जेमतेम अकरा किलोमीटर. वाकण फाट्यावर वळलं की सरळ रस्ता. पण गाडीतून उतरलेल्या माणसासाठी स्टेशनाबाहेर पालीची एसटी उभी नसते. मिनिडोर भरेपर्यंत थांबायचं, किंवा रिक्षावाला मागेल ते मोजायचं. आम्ही धडधाकट माणसं, आम्हाला चालून जातं. पण गाडीत आमच्या बाकावर एक म्हातारं जोडपं होतं, संकष्टीला निघालेलं. आजींच्या गुडघ्याला पट्टा. एवढ्या स्वस्तात बहुतेक प्रवास करून उरलेल्या तुकड्यासाठी त्यांनी उन्हात ताटकळायचं, हे मला सहन होत नाही. पालीचा गणपती मोटारवाल्यांचा जितका, तितकाच आजींचा.

पालीत पोचल्यावर मात्र घाई करू नये. पूर्वीच्या लाकडी देवळाच्या जागी १७६० च्या सुमारास हे दगडी देऊळ उभं राहिलं. चिऱ्यांच्या सांध्यांत शिसं ओतलेलं आहे, तोंड पूर्वेला, आणि उगवत्या सूर्याची किरणं थेट मूर्तीवर पडावीत अशी योजना. देवळातली मोठी घंटा चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेतून आणलेली. १७३९ साली वसई पडली आणि पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत वाजू लागल्या. ती घंटा नुसती वाजवून पुढे सरकू नका, जरा थांबून तिचा ओतीव घाट बघा. मागे सरसगड उभा आहे. पगडीसारखा दिसतो म्हणून लोक त्याला पगडीचा किल्ला म्हणतात. त्याच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या गुडघे मागतात. आमच्यातले दोघे चढले, बाकीचे खाली खानावळीत मोदकांवर बसले. कोणी कोणाला हसलं नाही. संस्थानं विलीन होईपर्यंत, म्हणजे १९४८ पर्यंत, हा सुधागडचा मुलूख भोरच्या पंतसचिवांकडे होता. घाटावरच्या संस्थानाचा कोकणातला तुकडा. सुधागड, ठाणाळ्याची लेणी, उन्हेऱ्याचे गरम पाण्याचे झरे, सगळं आसपासच आहे. वीस मिनिटांत पाली बघून होते असं ज्यांना वाटतं, त्यांनी फक्त देवळाची रांग पाहिलेली असते.

परतीची गाडी मात्र चुकवून चालत नाही, कारण फेऱ्या मोजक्याच. लांबच्या गाड्या आल्या की पॅसेंजर बाजूला उभी राहते, कोकणकन्या असो की मालगाडी, वाट तिनंच द्यायची. दुहेरी मार्ग झाला, वीज आली, तरी इथल्या माणसाच्या गाडीचा मान वाढला नाही. पेणपर्यंत लोकल न्या, ही मागणी जुनी आहे आणि ती रास्त आहे. पण त्याला पैसा लागेल, वर्षं लागतील, हे मलाही कळतं.

माझी मागणी त्याहून लहान आहे. नागोठण्यात एसटीचं स्थानक आहे, पालीतही आहे, मधला रस्ता तयार आहे. रविवारी, संकष्टीला, अंगारकीला आणि माघी व भाद्रपदी यात्रेच्या दिवसांत रोह्याकडे जाणारी सकाळची गाडी नागोठण्यात लागली की स्टेशनाच्या दारात पालीची एसटी उभी असावी, आणि संध्याकाळी तीच एसटी परतीच्या गाडीच्या अर्धा तास आधी पालीहून सुटावी. वेळापत्रकं दोन्हीकडे छापलेलीच असतात. ती एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवायला एक दुपार पुरेल. पनवेल, पेण आणि सुधागडच्या लोकप्रतिनिधींनी ती दुपार काढावी. तोवर आम्ही मिनिडोरनं जाऊ.