चौथ्या मजल्यावरचे बागायतदार

हा गृहस्थ तुमच्याही सोसायटीत असणारच. नसेल, तर तुमच्या गच्चीला कुलूप असणार. आमच्या गच्चीलाही कुलूप आहे, फक्त किल्ली यांच्याकडे आहे. बँकेतून निवृत्त होताना तिजोरीच्या किल्ल्या परत द्याव्या लागल्या, त्याचं उट्टं ते या एका किल्लीवर काढतात. ती जानव्याला अडकवलेली असते. सातबाऱ्यावर यांच्या नावानं गुंठाभर जमीन नाही. अर्धा जन्म सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेला, उरलेला कोथरूडच्या फ्लॅटमध्ये चाललाय. तरी आम्ही त्यांना बागायतदार म्हणतो, आणि त्यात काही खोच असेल अशी शंका त्यांना अजून आलेली नाही.

संक्रांतीपर्यंत ते माणसांत असतात. थंडी ओसरली की ग्रो बॅगा झटकल्या जातात. शेणखत, कोकोपीट, निंबोळी पेंड असं सगळं लिफ्टनं वर जातं आणि पुढचा आठवडाभर लिफ्टला गोठ्याचा वास येतो. फेब्रुवारीत दुधी, दोडका, काकडी, कारली पेरून होतात. मार्चपासून आमची पाळी.

अशाच एका मार्चअखेरीला रात्री अकरा वाजता बेल वाजली.

“लेखक, झोपला नव्हतात ना? एसी का बंद आहे?”

म्हटलं, अजून तेवढं उकडत नाही.

“असं कसं? आज ३७ होतं!”

मग उलगडा झाला. आमच्या बाल्कनीत एसीच्या नळीखाली ठेवलेली बादली ही आमची नव्हतीच. बायकोची परवानगी काढून त्यांनी ती ठेवली होती. आमच्याकडे बोअरचं पाणी क्षारट, उन्हाळ्यात त्यानं पानांच्या कडा करपतात; एसीचं पाणी म्हणजे हवेतलीच वाफ, त्यात क्षार नाहीत. “अठरावर ठेवा. रात्रीत चांगलं पाणी पडतं,” ते म्हणाले. विजेचं बिल? “ते तुमच्या नावे पडेल,” असं सांगून ते झोपायला गेले.

आमच्या सोसायटीत कोणाकडे काय शिजतं हे त्यांना सालांवरून कळतं. ओला कचरा ते घरोघर फिरून गोळा करतात, तांदळाचं धुवण बाटलीत भरून ठेवायला सांगतात, अंड्याची टरफलं मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून, काकूंना न दाखवता घेतात. “बी विंगमधून एकादशीला कांद्याची सालं आली होती,” असं ते एकदा मला कुजबुजले. कोणाकडून, ते सांगितलं नाही. खातेदाराची गुप्तता बँकेतल्या माणसाच्या अंगात मुरलेली असते.

एका वर्षी जीवामृत झालं. सुभाष पाळेकरांचं जीवामृत एका एकराच्या हिशेबानं असतं: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. बागायतदारांनी वहीत त्रैराशिक मांडलं. एकराला इतकं, तर बावीस ग्रो बॅगांना किती? शेण वाटीवर आलं, बेसन दोन चमच्यांवर आलं, पण मूठभर मातीला भागायचं कसं इथे गणित अडलं. बरं, बांध कुठून आणायचा? शेवटी सोसायटीच्या कंपाउंडमधल्या पिंपळाखालची चिमूटभर माती घातली. तिसऱ्या दिवशी ते मिश्रण फसफसून वर आलं, आणि चौथ्या मजल्यावरच्या प्रत्येकानं आपापल्या घरातला मेलेला उंदीर शोधला.

हेही सोसता येतं. सोसत नाहीत ती लग्नं.

दुधीला नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या बुडाशी बोटाच्या पेराएवढा लवदार दुधी आधीपासूनच असतो. नराला नुसता लांब देठ. नर आधी येतात, झुंडीनं येतात, आणि ऊन तापलं की आणखीच माजतात. माद्या उशिरा, मोजून येतात. पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळी मान टाकतं. रानात रात्रीतून पतंग हे काम करून जातात, पण आमच्या गच्चीवर पतंग आला तरी तो समोरच्या बांधकामाच्या हॅलोजनवर जाऊन धडकतो. तेव्हा हे काम बागायतदारांकडे आलं. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे सारायच्या, मधला परागाचा दांडा मादीच्या मुखावर हलके फिरवायचा. “एक नर दोन-तीन माद्यांना पुरतो!” हे वाक्य ते लिफ्टमध्ये, बायकामाणसं असताना, मोठ्यानं म्हणतात.

या विधीला ते लग्न म्हणतात. मुहूर्त रोज एकच, गोरज.

त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत ते माणसांच्या कोणत्याही समारंभाला मिळत नाहीत. मुंज असो, रिसेप्शन असो, सोसायटीची सभा असो, उत्तर ठरलेलं: “सात वाजता आमच्याकडे लग्न आहे.” नवीन आलेल्या वॉचमनला वाटलं, बऱ्याच मुली असलेलं मोठं खटलं दिसतंय. आठ-दहा दिवस त्यानं वाट पाहिली, मग एका संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून वर गेला आणि पंगत कुठं आहे म्हणून विचारलं. त्याला काकडी मिळाली.

लग्नाचे नियम कडक. एकाच वेलावरचे नर-मादी चालत नाहीत, कारण ते सगोत्र. मी कुठंतरी वाचलं होतं की एकाच वेलावरचा पराग दुधीला चालतो, फळ धरतं. “चालतं हो,” ते म्हणाले, “पण आपण का चालवून घ्यायचं?” ए विंगमधल्या कॉलेजच्या मुलानं विचारलं, दुधीच्या मादीला शेजारच्या दोडक्याचा नर लावला तर? तर बागायतदारांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जणू निसर्गानं त्यांना विचारूनच कायदे केलेत. “छे! जात वेगळी. धरतच नाही!” गोत्र वेगळं, जात एक, मग पुढची बोलणी.

स्थळांची यादीही तशीच. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात भाज्यांच्या वाणांचं बारसं कोण करतं देव जाणे, पण टोमॅटोत भाग्यश्री आणि धनश्री, काकडीत हिमांगी आणि फुले शुभांगी, कारल्यात हिरकणी आणि फुले प्रियांका, दोडक्यात फुले सुचेता. हे सगळं वधू-वर सूचक मंडळाच्या वहीत खपून जाईल. दुधीत मात्र सम्राट. बागायतदारांचा जीव सम्राटवर. टोमॅटो त्यांच्या मनातून उतरलाय, कारण त्याच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही, लग्नाचा प्रश्नच नाही, नुसतं झाड हलवलं की काम होतं. आणि पारा पस्तिशीच्या बराच वर गेला की त्याचा पराग निकामी होऊन फुलं झडतात. “टोमॅटोला ना विधी, ना दम,” असं त्यांचं मत आहे.

लग्न लागलं की देठाला लाल दोरा, फुलावर कागदी पिशवी, म्हणजे फळमाशी डंख मारत नाही. मग वहीत नोंद: तारीख, वधूचा वेल, वराचा वेल. वही बँकेतलीच, लाल कडांची. फळ न धरता चार दिवसांत पिवळं पडून गळलं, तर समोर शेरा ‘बुडीत’. मादी फुलं वाढावीत म्हणून वेलाचा शेंडा खुडतात, मग बगलफुटी येतात, त्यांचेही शेंडे खुडले की तिसऱ्या पिढीच्या फांद्या येतात आणि त्यांवर माद्या जास्त. याला सगळे हौशी बागवाले थ्री-जी कटिंग म्हणतात. “आमचं थ्री-जी झालं!” असं ते गच्चीवरून ओरडले, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी सेवा केंद्राला फोन लावून विचारलं, की बाकीच्यांना फाइव्ह-जी मिळतं, मग आम्हालाच का नाही?

लग्नानंतर बारा-पंधरा दिवसांत दुधी हाती येतो आणि तो आठ घरांत वाटला जातो. म्हणजे प्रत्येकी दोन बोटं रुंदीची चकती. सोबत तोंडी सूचना: “आधी कच्चा तुकडा चाखा. कडू लागला तर सगळा फेकून द्या, आणि रस तर काढूच नका.” सूचना बरोबर आहे, कडू दुधी विषारीच असतो. पण धमकीसह दिलेली भेट घ्यायला छाती लागते. दोन बोटं दुधीत चणाडाळ घालून भाजी होत नाही, म्हणून बायको बाजारातून एक आख्खा दुधी आणते, त्यात ही चकती घालते आणि वाटीभर भाजी वर पाठवते. बागायतदार ती डोळे मिटून खातात. म्हणतात, “बाजारच्या दुधीला ही चव आहे का?”

त्यांच्या मुलीचं लग्न झालं तेव्हाही एप्रिलच होता.

बेंगळुरूला, नोंदणी पद्धतीनं. संध्याकाळी छोटासा समारंभ. आम्ही दोघं गेलो, काकू आल्या. बागायतदार आले नाहीत. “ऐन बहरात बाग कोणावर टाकू? संध्याकाळी लग्नं असतात माझी,” असं ते म्हणाले, आणि त्या दिवशी लिफ्टमध्ये कोणी हसलं नाही. मुलगा शिकलेला, सालस, चांगल्या नोकरीत. आपल्यातला नव्हता, एवढंच. काकू परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि मला त्या माणसाचा इतका राग आला होता की घरी आल्या आल्या आमच्या बाल्कनीतली बादली मी उपडी करून ठेवली. पुढे कधीतरी दुधी किती दिवसांत धरतो ते बघायला मी त्यांची वही मागून घेतली. एप्रिलात रोजची नोंद होती, कुठे तीन लग्नं, कुठे पाच. मुलीच्या लग्नाची तारीख लिहिलेली होती. पुढचे रकाने कोरे होते. त्या संध्याकाळी त्यांनी एकही लग्न लावलं नव्हतं.

मी काही बोललो नाही. बादली मात्र सरळ करून ठेवली.

गेल्या वर्षी त्यांनी वेलावरचा एक दुधी तोडलाच नाही. मे संपला, पाऊस आला, तो वाळून तपकिरी झाला, हलवला की आत बिया खुळखुळायला लागल्या. हिवाळ्यात बायको ऑफिसच्या कामाला बेंगळुरूला निघाली, तेव्हा तिच्या हातात एक पाकीट पडलं. त्यावर बँकेच्या वळणदार अक्षरात: ‘सम्राट. पेरणी फेब्रुवारी, पहिला पंधरवडा. पिशवी अठरा इंची. एका पिशवीत एकच वेल.’ नाव नव्हतं. कोणाला द्यायचं हे त्यांनी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही.

यंदा एप्रिलात बायकोच्या मोबाइलवर फोटो आला. बाल्कनीच्या कठड्यावर चढलेला वेल, पांढरी फुलं. ‘पंधरा दिवस झाले, नुसती नर फुलंच येतायत. बाबांना विचाराल का काय करू?’

फोन घेऊन मी गच्चीवर गेलो. मावळतीची वेळ, धोतराचा काचा मारून लग्नाची तयारी चालली होती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो मोठा केला, पानन् पान बघितलं.

“शेंडा खुडलेला नाही,” ते म्हणाले. “मीच लिहायला हवं होतं पाकिटावर.”

“मग सांगा की तिला.”

“मी काय सांगणार? तुम्ही कळवा.”

मला त्यातलं काही कळत नाही, असं म्हणून मी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडे मुलगी नव्हती, जावई होता. दोघेही क्षणभर गप्प. मग त्यानं घाईघाईनं कॅमेरा वेलाकडे वळवला आणि तोडक्यामोडक्या मराठीत म्हणाला, की बाबा, आज हे एक मादी आलंय बहुतेक.

“अहो, तो नर आहे!” बागायतदार असे गरजले की खालचा वॉचमन फाटक सोडून धावत आला. “बुडाशी दुधी कुठाय? नुसता देठ दिसतोय! हं, आता शेंडा दाखवा. तिच्या हातात नका देऊ फोन, तिचा हात हलतो, तुम्हीच धरा. हां. तिथंच खुडायचं, नखानं. आता दहा-बारा दिवस थांबायचं. बगलेतून फांद्या येतील, त्यांवर मादी आली की मला फोन करायचा.”

पलीकडून मुलीचा आवाज आला, “सातला करू ना, बाबा?”

“सात कशाला? साडेसहाला. तुमच्याकडे सूर्य वीस मिनिटं आधी मावळतो.”